पाटीची बखर

महालातल्या वाड्यांच्या भिंती जाड आणि दारे अरुंद. या दारांतून एके काळी घोडे आत गेले, मग टांग्याची घोडी गेली, मग सायकली गेल्या. पण मोटार आत घ्यायची म्हटले, तर एखाद्याच वाड्याचा दरवाजा तिला पुरतो. केळीबाग रस्त्याच्या मागच्या अंगाला असा एक वाडा आहे. त्याच्या ढेलजेत एक लहानशी लाल मोटार उभी असते. बसायला दोनच जागा, वर कापडाचे छत, पुढे दोन मोठे गोल दिवे आणि पाठीवर सुटे चाक. गल्लीतली पोरे शाळेतून येताना तिच्याकडे वाकून पाहतात आणि मालकांची चाहूल लागली की पळ काढतात.

मालक सत्तरीच्या पलीकडचे. साऱ्या गल्लीचे ते काका, माझेही काकाच. त्यांच्या वडिलांनी ही मोटार घेतली, तेव्हा नागपूर ही एका मोठ्या प्रांताची राजधानी होती आणि काका चौथ्या-पाचव्या वर्षाचे होते. वडील गेले, वाड्याच्या वाटण्या झाल्या, तुळया विकल्या गेल्या; पण गाडी विकली गेली नाही. रविवारी पहाटे काका ती बाहेर काढतात, गांधीसागरला एक वळसा घालतात आणि उन्हे वर यायच्या आत परत आणून लावतात. बस्स, एवढाच तिचा प्रवास.

२०२५ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. दुपारी काकांचा फोन आला.

“मास्तर, जरा येऊन जा बरं. तुमचा तो पोट्टा माझ्या गाडीला भोकं पाडतो म्हणते.”

‘तुमचा पोट्टा’ म्हणजे माझा जुना विद्यार्थी. भूमितीत नेहमी काठावर पास होणारा. पण आज डेंटिंग-पेंटिंगच्या कामात त्याचा हात धरणारा महालात कोणी नाही. मी गेलो तर हा ढेलजेत उकिडवा बसलेला, हातात ड्रिल मशीन. आणि काका गाडी आणि तो यांच्यामध्ये उभे, एखाद्या पोराला मारापासून वाचवावे तसे.

“सर, तुम्हीच सांगा काकांना,” तो म्हणाला. “नवीन नंबर प्लेट लावायची आहे. केंद्रावरचा माणूस म्हणते, जुनी भोकं जुळत नाहीत, आधी गाडीला नवी पाडून आणा. दोन भोकं पुढे, दोन मागे. पाच मिनिटांचं काम आहे.”

“पाच मिनिटांचं काम,” काका म्हणाले, “आणि जन्माचं भोक!”

वाचकहो, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या चार भोकांसाठी एवढा वाद कशाला, असे तुम्हांस वाटेल. मलाही वाटले. पण त्या दुपारी जे पाहिले, त्यामुळे मी या पाटीच्या इतिहासात शिरलो. आणि इतिहास असा की, त्याचे एक टोक घोड्याच्या पाठीवर आणि दुसरे आमच्या गल्लीत निघाले.

वस्तू मालकाची आणि खूण सरकारची, हे भांडण मोटारीहून पुष्कळ जुने आहे. अल्लाउद्दीन खिलजीने (राज्यकाल १२९६ ते १३१६) आपल्या फौजेत घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा चेहरा लिहून ठेवण्याची पद्धत चालू केली. कारण उघड होते. हजेरीच्या दिवशी एकच चांगला घोडा दोनदा दाखवावा, किंवा चांगला विकून जागी मरतुकडा बांधावा आणि पगार मात्र पुरता घ्यावा, अशी लबाडी सर्रास चाले. पुढे अकबरानेही डागाची ही शिस्त कडक केली. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा कोणाचा, यावर माणसाची पायरी ठरे. डाग मात्र तापल्या लोखंडाचा. तो कातडीवर पडला की मालक बदलला, राज्य बुडाले, तरी घोडा मरेपर्यंत पुसला जात नसे.

मोटारी आल्या आणि तोच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. घोड्याच्या धावेपुढे माणूस निदान ओळखू येई; मोटार धूळ उडवून निघून गेली, तर ती कोणाची हे कसे कळावे? पॅरिसच्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ रोजी हुकूम काढला की, प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी असावी. तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक वाचता येईल असा लिहावा. पाटी गाडीच्या डाव्या बाजूस असावी आणि ती कधीही झाकू नये. आजच्या सगळ्या पाट्यांची ही आजी. इंग्लंडात १९०३ साली मोटारींचा कायदा झाला. त्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढवून दिली आणि त्या बदल्यात १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीवर क्रमांक सक्तीचा केला. जरा जोरात पळा, पण नाव सांगून पळा, असा तो सौदा होता.

अमेरिकेतली गोष्ट याहून मजेची. न्यूयॉर्क राज्याने १९०१ साली मालकांना सांगितले, आपल्या नावाची आद्याक्षरे गाडीच्या पाठीवर लावा. पाटी सरकार देणार नव्हते. ज्याने त्याने आपली करून घ्यायची. मग कोणी लाकडाची केली, कोणी चामड्याच्या तुकड्यावर धातूची अक्षरे बसवून तो पट्टा गाडीला बांधला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ पासून स्वतः पाट्या द्यायला सुरुवात केली; त्या लोखंडी पत्र्यावर चिनी मातीच्या भांड्यासारखा चकचकीत मुलामा चढवलेल्या होत्या. म्हणजे पाटी आधी बांधली गेली, आणि ठोकली गेली ती नंतर. मला माझ्या वडिलांची सायकल आठवली. तिच्या हँडलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला तारेने बांधलेला असे. साल सरले की तार सोडायची, नवा बिल्ला बांधायचा. सायकलच्या अंगावर त्याचा ओरखडाही नसे.

हिंदुस्थानात सबंध देशासाठी मोटारींचा कायदा १९१४ साली झाला आणि त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. प्रांताप्रांताला आपापली अक्षरे होती. आमच्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची अक्षरे ‘सी. पी.’. संस्थानिकांचा थाट वेगळा. त्यांच्या राज्यात नोंदणीचा हुकूम त्यांचाच. तेव्हा त्यांच्या गाड्यांवर संस्थानचे नाव झळके. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या संग्रहात ड्यूसेनबर्गसारखी गाडी होती. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन मायबाख आजही तिथल्या राजवाड्याच्या संग्रहालयात पाहायला मिळते. आपली ओळख दुसऱ्याच्या वहीतून घ्यावी लागत नाही, हेही एक राजचिन्हच म्हणायचे. स्वराज्यातही याचा अवशेष बरीच वर्षे राहिला. राष्ट्रपतींच्या मोटारीवर क्रमांकाऐवजी अशोकस्तंभाची मुद्रा असे. २०१८ साली हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयात निघाला आणि अशा गाड्यांनीही क्रमांक लावावा असे ठरले. पॅरिसच्या हुकुमातले ‘कधीही झाकू नये’ हे शब्द अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी आपल्या राजधानीत पोहोचले.

आता नागपूरचे पाहा. रघूजी भोसले तिसरे १८५३ साली निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. १९५० साली त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानीचा मान गेला. आणि १ मे १९६० रोजी आपण महाराष्ट्रात आलो. महाल तसूभरही हलला नाही. कल्याणेश्वराची घंटा तीच, गांधी दरवाज्याची कमान तीच. वरचे राज्य मात्र दहा वर्षांत तीनदा बदलले. पुढे १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि नागपूर ‘एम. एच. ३१’ बनले. नंतर ग्रामीण भागाला ४० आणि पूर्व नागपूरला ४९ हे आकडे मिळाले. पण आधी नोंदलेल्या गाड्यांचे जुने क्रमांक तसेच राहिले. काकांच्या गाडीवर आजही जुन्या राज्याची अक्षरे आहेत. शाळेत मी मुलांना राज्य पुनर्रचना शिकवतो तेव्हा खडूने नकाशा काढतो. खरे म्हणजे त्यांना त्या ढेलजेत नेऊन उभे करावे.

अक्षरे राहिली, पण पाटी बदलत गेली. एके काळी पाटी म्हणजे पेंटरचे काम होते. खाजगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला पांढऱ्यावर काळी. पेंटर आपल्या मनाने ‘९’ला शेपूट काढी, कोपऱ्यात आपले नाव टाकी, आणि फारच खुशीत असला तर आकड्यांना सावली देई. या शतकाच्या आरंभी रंग उलटे झाले. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे आणि भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. त्याच सुमारास, २००१ साली, कडेकोट पाटीचा नियम निघाला. तो हळूहळू सर्वत्र आला आणि १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा झाला. महाराष्ट्रात त्याआधीच्या जुन्या गाड्यांनाही ही पाटी बसवण्याचे फर्मान निघाले. २०२५ सालात त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि केंद्रांवर रांगा लागल्या.

ही पाटी मोठी हुशार आहे. मिलिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. अक्षरे रंगवलेली नाहीत, दाबून उठवलेली. डाव्या बाजूला अशोकचक्राचे चकाकते चित्र, त्याच्याखाली लेसर किरणांनी कोरलेला पाटीचा स्वतःचा वेगळा क्रमांक आणि निळ्या रंगात देशाची अक्षरे. लहान मोटारीसाठी तिचे माप ५०० बाय १२० मिलिमीटर, नाहीतर ३४० बाय २००. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे तिचे कुलूप: एकदा दाबले की पुन्हा उघडत नाही. काढायचे तर ते फोडावेच लागते, आणि फोडलेले पुन्हा लागत नाही. चोरीच्या गाडीला दुसऱ्याची पाटी लावून पळता येऊ नये, हा त्यातला हेतू. अल्लाउद्दीनाच्या हजेरीत जो प्रश्न होता तोच हा; घोडा बदलू नये म्हणून डाग, पाटी बदलू नये म्हणून कुलूप.

या हेतूला कोण नाही म्हणेल? काकाही म्हणत नव्हते. “नंबर लावा, दोन लावा,” ते म्हणाले, “पण गाडीच्या अंगाला हात लावू नका.”

मी त्यांना म्हटले, “काका, जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम आहे ना?” आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तो काढला. मंत्री होते नितीन गडकरी, म्हणजे आमच्या महालातलेच. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा मोटार ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. पण त्याला एक अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, अभ्यास, फेरी, दुरुस्ती किंवा इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापरासाठी नाही.

“म्हणजे संग्रहालयात बसलेली म्हातारी!” काका म्हणाले. “मी रविवारी तलावावर जातो ते कशात बसवू? अभ्यासात?” त्यांनी साधी नोंदणीच ठेवली. साधी नोंदणी म्हटली की साधा नियम, आणि साध्या नियमाला कुलपाची पाटी.

त्या दुपारी माझ्या विद्यार्थ्याने मागची जुनी पाटी काढली. पाटीच्या मागे साठलेली माती फडक्याने पुसली आणि आम्ही तिघेही खाली बसून पाहत राहिलो. पत्र्यावर भोकांच्या तीन जोड्या होत्या. एक जोडी बारीक आणि जवळजवळ, कडा घासून गुळगुळीत केलेली. दुसरी तिच्या खाली, जरा रुंद, कोणीतरी झाळून बुजवलेली. तिसरी सगळ्यांत मोठी. तिच्यात लांबी भरली होती, ती तडकली होती आणि तिच्या कडेने गंजाची तांबूस जिभळी खाली ओघळली होती.

काकांनी पहिल्या जोडीवर बोट ठेवले. “ही वडिलांच्या वेळची. पितळी अक्षरांची पाटी होती. दिवाळीला चिंचेनं घासायचं काम माझं.” दुसरीवर बोट गेले. “ही माझ्या लग्नाच्या वर्षी. पेंटरनं मोठी पाटी केली, तिला जुनी भोकं पुरेनात.” तिसरीपाशी ते थांबले. “ही पांढरी पाटी आली तेव्हा. तेव्हा मी दवाखान्यात होतो. कोणी लावली, माहीत नाही.”

घराचा इतिहास वहीत असतो, पोथीच्या मलपृष्ठावर असतो. पत्र्यावरच्या भोकांतही असतो, हे मला त्या दिवशी कळले. पाट्या कुठच्या कुठे गेल्या. भोके राहिली.

आता यात कारागिराची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण ती माझ्या विद्यार्थ्याने मला समजावली. ही गाडी इंग्लंडातल्या एम. जी. कंपनीची, ‘टी. डी.’ या नमुन्याची. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हा नमुना १९५० ते १९५३ या काळात ॲबिंग्डन गावी तयार झाला. एकूण गाड्या तीस हजारांच्या आत, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. आपल्याकडे पुढे परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आली, आणि फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीही इथले काम आवरले. त्यामुळे अशा खेळकर गाड्या आल्या त्या थोड्या, आणि टिकल्या त्या त्याहून थोड्या. इंजिन १२५० घनसेंटीमीटरचे. आणि मला चकित करणारी गोष्ट म्हणजे, वरचा पत्रा पोलादाचा असला तरी आतला सांगाडा लाकडाचा, ॲश नावाच्या झाडाचा. वाड्याला सागवान, तसे गाडीला ॲश.

पत्र्याला भोक पाडले की रंगाचे कवच तिथे फुटते आणि लोखंडाची कच्ची कड उघडी पडते. पाटी आणि पत्रा यांच्या फटीत पावसाचे पाणी शिरते, ते सुकत नाही. गंज तिथून सुरू होतो आणि रंगाच्या खालून पसरतो. पाटी ॲल्युमिनियमची, पत्रा लोखंडाचा. दोन निराळ्या धातूंमध्ये ओल राहिली की एक दुसऱ्याच्या जिवावर उठतो. पाणी आत उतरले तर लाकूड कुजते. क्रोमियमच्या बंपरला भोक पाडले तर मुलामा कडेने पापुद्र्यासारखा सुटतो. बरे, भोक बुजवावे तर उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि त्याची मूळ लय जाते. भोक पाडायला पाच मिनिटे, ते नाहीसे करायला पाच दिवस. आणि तरीही जाणत्याच्या बोटाला ते कळतेच.

“मग मशीन कशाला काढलं होतंस रे?” मी विचारले.

तो ओशाळला. “सर, गिऱ्हाईक घाईत असते. सगळे भोकच पाडतात. काका पहिलेच भेटले, नाही म्हणणारे.”

मग आम्ही उपाय शोधायला बसलो. चिकटपट्टी? नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गोंद मऊ होतो आणि पाटी रस्त्यावर उतरते. लोहचुंबक? धक्क्याने सरकतो, खाली कण अडकून रंगावर ओरखडे पडतात. आणि चुंबकाने लावलेली पाटी कोणीही हाताने काढून नेईल. क्रमांक पत्र्यावरच रंगवावा? १९६१ साली निघालेल्या जग्वार ‘ई-टाइप’ गाडीचे नाक इतके लांब आणि उतरते आहे की, तिच्यावर पाटी टांगायला धड जागा नाही. तेव्हा पुष्कळांनी आकड्यांची पट्टी सरळ बॉनेटवरच चिकटवली. दिसायला ती सुरेख दिसते, पण आपल्या नियमात ते चालायचे नाही. पुढच्या जाळीला बांधावी? उन्हाळ्यात पाटीने वारा अडवला की गाडी तलाव गाठायच्या आत उकळेल.

भूमितीत काठावर पास होणाऱ्या त्या मुलाने मग जमिनीवर खडूने एक आकृती काढली. बंपर गाडीला ज्या लोखंडी हातांनी धरलेला असतो, ते हात मागच्या बाजूने उघडे असतात. त्यांना दोन क्लॅम्प घालायचे. क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबचे रबर, म्हणजे लोखंडाला लोखंड घासायचे नाही. त्या क्लॅम्पांना खाली एक पोलादी पट्टी लटकवायची, जस्ताचा मुलामा दिलेली, नेमक्या पाटीच्या मापाची. कुलपाची भोके पाडायची ती त्या पट्टीला. मागे सुट्या चाकाच्या आधाराला तशीच दुसरी पट्टी. पाटी पट्टीला, पट्टी क्लॅम्पला, क्लॅम्प गाडीला. गाडीच्या अंगाला एकही नवे भोक नाही.

काकांचा चेहरा खुलला. पण मास्तरकीची खोड जात नाही. मी एक शंका काढली. “पाटी कुलपाने पट्टीला पक्की झाली खरी. पण पट्टीचेच नट सोडून कोणी ती पाटीसकट नेली तर? मग कुलपाचा उपयोग काय? कायद्याला आपण फसवल्यासारखंच झालं.”

तिघेही गप्प. ढेलजेत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. हौस म्हणून केलेल्या गोष्टीत खोट असू नये, असे काकांनाही वाटत होते. नाहीतर त्यांनी मला ‘जाऊ द्या मास्तर’ म्हटले असते.

उत्तर पुन्हा त्या मुलानेच काढले. क्लॅम्पचे बोल्ट आवळल्यावर त्यांची टोके हातोडीने ठोकून पसरवायची, म्हणजे नट परत फिरणारच नाही. कधी काळी काढायची पाळी आली, तर करवतीने पट्टी कापावी लागेल. “पट्टी कापली जाईल, सर. गाडी नाही.”

दोन दिवसांत पट्ट्या तयार झाल्या. गाडी केंद्रावर नेली. तिथल्या माणसाने वाकून दोन मिनिटे पाहिले, पट्टी हाताने ओढून पाहिली, ठोकलेल्या बोल्टांवर अंगठा फिरवला, आणि काही न बोलता पाटी लावून कुलपे दाबली. चार बारीक आवाज झाले. काका दर आवाजाला डोळे मिटत होते.

त्यानंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. सरकारला नाव हवे असते, ते द्यावे. रस्त्यावर चालणाऱ्याने आपली ओळख झाकू नये, हा पॅरिसचा हुकूम योग्यच होता. पण नावे देणारी राज्ये बदलतात, पाट्यांचे रंग बदलतात, मापे बदलतात. वस्तू त्या सगळ्यांहून जास्त जगते. तेव्हा जे बदलणार आहे, ते जे टिकायचे आहे त्याच्या अंगात ठोकू नये; मध्ये एक पट्टी ठेवावी. घाव बसायचाच असेल, तर तो पट्टीवर बसावा. घोड्याला हे भाग्य नव्हते. आपल्या वस्तूंना ते देणे आपल्या हाती आहे.

दसऱ्याला काकांनी गाडी धुऊन ढेलजेबाहेर काढली. झेंडूची माळ दिव्यांवरून ओवली, चाकांखाली लिंबू ठेवले, नव्या पाटीला हळदकुंकू लावले. आधी जरा नाराजीने, मग नीट बोट टेकवून. नवी पांढरी पाटी, तिच्यावर जुन्या राज्याची अक्षरे, आणि तिच्या मागे, कोणाला न दिसणारी, तीन जोड्यांची बखर. तिसऱ्या जोडीचा गंज माझ्या विद्यार्थ्याने घासून काढला होता आणि वर रंगाचा हात दिला होता. पैसे मात्र त्याने घेतले नाहीत.

परवा आकाशकंदील लावायला मी काकांच्या वाड्यात गेलो होतो. शिडीवर चढलो, खिशातून खिळा काढला आणि हातोडी मागितली. काकांनी खालूनच वर बोट दाखवले. तुळईला झोपाळ्याची जुनी कडी होती. झोपाळा जाऊन कितीतरी वर्षे झाली.

मी खिळा परत खिशात टाकला आणि कंदील त्या कडीला बांधला.